काकूंच्या मापाचा ओटा

मी आज जो काही आहे, तो वसंतराव ठोसर यांच्यामुळे आहे. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, कारण त्यांच्यासमोर ते मला कधी बोलता आलं नाही. एकदा बोलायला गेलो होतो. बी.कॉम.चा निकाल लागला होता आणि हातात पेढ्यांचा खोका होता. त्यांनी एक पेढा तोंडात टाकला, खोका उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "खोका मजबूत आहे गा. फेकू नको. खिळे ठेवायला होईल."

आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. नागपुरात महाल भागातल्या एका गल्लीत त्यांचं जुनं, बैठं घर होतं. मागच्या अंगणात एक खोली होती, तिथं मी कॉलेजची सगळी वर्षं काढली. भाऊ सरकारी बांधकाम खात्यात आरेखक होते. इमारतींचे नकाशे काढायचे. माणूस ताडमाड उंच, दारातून येताना मान खाली घालण्याची इतकी सवय की मोकळ्या मैदानातही मधूनच मान झुकवून चालायचे. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी स्टीलचा टेप असायचा. निवृत्त झाल्यावर पेन सुटलं, टेप सुटला नाही.

बोलताना त्यांना टेप ओढून सोडायची सवय होती. सर्रकन बाहेर, खट्कन आत. समोरचा माणूस लांबण लावू लागला की ही खटखट वाढायची. गल्लीत कोणाचं काही अडलं की आधी भाऊंकडे निरोप जायचा. शेजारच्या म्हाताऱ्या आजी न्हाणीत घसरल्या, तेव्हा भाऊंनी त्यांना भिंतीशी उभं केलं, हात कुठवर सहज जातो ते पाहिलं आणि बरोबर तिथं एक नळीचा तुकडा ठोकून दिला. आजी म्हणाल्या, "आंधळ्यालेही सापडन रे हे." कोपऱ्यावरच्या शिंप्याची पाठ दुखायची, तर त्याच्या मशीनखाली ठोकळे बसवून दिले. सामान सगळं फुकटातलं. कळमन्याच्या बाजारातून संत्र्याच्या फुटक्या पेट्या सायकलला बांधून आणायच्या, त्यांच्या फळ्या सुट्या करायच्या, घासायच्या. त्यामुळे गल्लीतल्या निम्म्या घरांमधली कपाटं पहिली काही वर्षं संत्र्याच्या वासाची असायची.

"माणसाच्या मापाची वस्तू केली ना," ते म्हणायचे, "की माणूस तिथं टिकतो."

हे त्यांनी माझ्यावर करून दाखवलं होतं. मी भिवापूरचा. वडील मिरचीच्या बाजारात पोती उचलायचे, आई मिरचीचे देठ खुडायला जायची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. पहिल्या वर्षी मी नापास झालो. सगळं इंग्रजीत होतं आणि मला वर्गात काय चाललंय तेच कळत नव्हतं. घरी काय सांगायचं हे ठरवता येईना, म्हणून मी नुसती पेटी भरली. भाऊ दारात आले. पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता समजावतील. त्यांनी टेपचं टोक माझ्या हातात दिलं.

"धर गा, त्या कोपऱ्यात."

मी धरलं. त्यांनी भिंत मोजली, मग माझी पुस्तकं मोजली, मग मला खाली बसवून माझा हात कुठवर पोचतो ते मोजलं. संध्याकाळपर्यंत पेट्यांच्या फळ्यांची एक मांडणी भिंतीवर चढली. खालच्या कप्प्यात मोठी पुस्तकं, वर वह्या, बाजूला कंदिलाएवढी जागा, कारण वीज जायची. मग ते म्हणाले, "आता ही तुझ्या मापाची झाली. दुसऱ्या कोणाच्या कामाची नाही. तू गेला तर मला तोडावी लागेल."

मी पेटी रिकामी केली. त्यानंतर रोज सकाळी ते माझ्याकडून इंग्रजी पेपरातला एक रकाना मोठ्यानं वाचून घ्यायचे. उच्चार चुकला की खट्.

पण ज्या घरात हा माणूस राहायचा, त्या घराचं स्वयंपाकघर पाहायला हवं होतं. भिंती धुरानं आणि फोडण्यांनी काळपट झालेल्या, मोरीकडच्या बाजूला ओल, पिवळा मिणमिणता बल्ब, टवके उडालेला कडप्प्याचा ओटा. भांड्यांची लोखंडी मांडणी गंजलेली, तिच्यावरून ताट काढलं की हाताला लाल पूड लागायची. ओटा भाऊंनीच लग्नाच्या वर्षी उभं राहून बांधून घेतला होता, पुस्तकात असतो तेवढ्या उंचीचा. आणि त्या ओट्यासमोर कुसुमकाकू.

काकू ठेंगण्या होत्या. भाऊंच्या छातीलाही लागत नसत. माहेर उमरेडकडचं, बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. त्या स्वयंपाक करायच्या तो एका लाकडी पाटावर उभ्या राहून. जेवायला बसतात तसलाच पाट, फक्त पाय जरा उंच. ओट्यासमोर तो कायमचा पडलेला असे. भाऊ पाणी प्यायला आत आले की त्यांच्या अंगठ्याला पाट लागायचा. "अरे, हे काय," असं पुटपुटत ते पायानंच पाट भिंतीकडे सरकवायचे. काकू मागं न वळता पायाच्या बोटांनी पाट परत ओढून घ्यायच्या आणि वर चढायच्या. हे मी इतक्या वेळा पाहिलं की त्यात पाहण्यासारखं काही आहे असं मलाही वाटेनासं झालं.

स्वयंपाकघर नीट करायचं बोलणं मात्र नेहमी चालायचं. काकू म्हणायच्या, "निदान चुना तरी मारा जी. मले वाटते मी कढईच्या आतमंदी राहून राहिली." भाऊ म्हणायचे, "वरवर करून उपयोग नाही कुसुम. एकदाच करायचं आणि नीट करायचं." मग मोठा कागद पसरायचा. खिडकी कुठं, नळ कुठं, कोठी कुठं. फार सुंदर नकाशे होते ते. त्यात ओट्याखाली सरकते कप्पे असायचे, हवा खेळायला जाळी असायची. दर दिवाळीला नकाशा आणखी चांगला व्हायचा आणि तेवढाच आवाक्याबाहेर जायचा. दुसऱ्यांच्या घरी जो माणूस फुटक्या पेटीतून दुपारभरात काम उरकायचा, त्याला स्वतःच्या घरासाठी फुटकी पेटी चालत नव्हती.

"साहेब लोकाइचं असंच रायते," काकू मला वाढताना म्हणायच्या. "कागदावर माह्या घरात चार खिडक्या हायेत. घे, भाजी घे."

मला नोकरी लागली, नागपुरातच सदर भागातल्या एका ऑफिसात. मी दुसरीकडे खोली घेतली, पण रविवारी भाऊंकडे जाणं सुटलं नाही. त्या सुमारास त्यांची मुलगी माधुरी नाशिकला बाळंत झाली आणि काकू तिकडे गेल्या. बाळंतपणापुरत्या जायच्या होत्या. मग बाळाचे दात आले, मग माधुरी पुन्हा कामावर रुजू झाली, मग बाळ चालायला लागलं. प्रत्येक वेळी फोनवर काकू म्हणायच्या, "पाहू, पुढच्या महिन्यात."

एका रविवारी मी तिथं असताना फोन आला. भाऊंनी तो स्पीकरवर टाकला. ऐकू कमी यायला लागलं होतं.

"जेवले काय?" काकूंनी विचारलं.

"दिलीप आलाय. खिचडी टाकली."

"मोहरी जाळली असन."

"थोडी जळली," भाऊ म्हणाले. "तू काय करून राहिली?"

"पोळ्या. माधुरीचा ओटा लई बरा हाये जी. पोरगी माह्यासारखीच बुटकी, तिनं आपल्या हिशोबानं बांधून घेतला. इथं मले पाट लागत नाही."

"कोणता पाट?" भाऊंनी विचारलं.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. बाळ काहीतरी बडबडलं. मग काकू म्हणाल्या, "काही नाही. ठेवते. पोळी करपून राहिली."

भाऊंनी फोन टेबलावर ठेवला. मग उठून स्वयंपाकघरात गेले. मी पाठोपाठ गेलो. पाट ओट्याखाली भिंतीला टेकून उभा होता. त्यांनी तो काढला, उजेडात नेला. लाकडावर दोन जागी पॉलिश पूर्ण उडालं होतं, लाकूड किंचित खोलगट झालं होतं. तळव्यांच्या आकाराचं. भाऊंनी त्यावर हात फिरवला. टेप खिशातून काढला नाही. मी त्यांना पहिल्यांदाच काहीही न मोजता एखाद्या वस्तूकडे इतका वेळ पाहताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. नकाशाचे सगळे कागद भाऊंनी माळ्यावर टाकले होते. आता त्यांना एकच घाई होती, कुसुम परत यायच्या आत व्हायला हवं. ती येणार की नाही, हे त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांच्या हिशोबात ते ठरलेलं होतं. मापाची वस्तू झाली की माणूस टिकतो.

काकू समोर नव्हत्या, मग त्यांचं माप कुठून घ्यायचं? भाऊंनी पाटाची उंची मोजली आणि ओटा तेवढाच खाली घ्यायला सांगितला.

मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला, "भाऊ, हे काहून करून राहिले? लोकं ओटे वर घेऊन राहिले, तुम्ही खाली. उद्या घर विकाले काढलं तर गिऱ्हाईक हासन."

"हसू दे. कडप्पा जपून काढ, तोच पुन्हा बसवायचा आहे."

"अन् तुमची कंबर?"

"माझी कंबर कशाला मधे? मी काय स्वयंपाक करतो?" भाऊ म्हणाले. गेलं वर्षभर तेच स्वयंपाक करत होते.

त्या महिन्याभरात स्वयंपाकघर असं पालटलं की मला आतून वाईट वाटायचं. इतकं सोपं होतं ते. ओल खरवडून भिंतीला फिकट निळा रंग दिला. ओट्यामागच्या काळवंडलेल्या टाइल्स काढल्या नाहीत, घासून त्यांच्यावरच पांढरा ऑइलपेंट मारला. गंजलेली मांडणी पॉलिश पेपरनं घासून रंगवली, तीही पाटाएवढी खाली उतरवून ठोकली. कळमन्याहून पेट्या आल्या आणि त्यांच्या फळ्यांचे ओट्याखाली कप्पे झाले. मधला गाळा मोकळा ठेवून त्याला काकूंच्या एका विटक्या साडीचा पडदा लावला. बल्ब गेला आणि ओट्याच्या बरोबर वर ट्यूब आली. भाऊ रोज मोबाइलवर फोटो काढून माधुरीला पाठवायचे आणि मला विचारायचे, "तिनं पाहिला असेल का?" माधुरी उत्तरात अंगठा पाठवायची. तो अंगठा माधुरीचा की काकूंचा, याचा भाऊ फार विचार करायचे.

सगळं झाल्यावर पाट उरला. तो त्यांनी धुऊन, पुसून देवघराच्या बाजूला उभा करून ठेवला.

काकू आल्या. भाचीचं लग्न होतं, त्यासाठी आल्या. सोबत लहानशी बॅग होती. भाऊंनी ती बॅग पाहिली आणि मग दिवसभर तिच्याकडे पाहणं टाळलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. मला जेवायला बोलावलं होतं. काकूंनी पाटवडीचा रस्सा करायला घेतला होता. त्या घरातला रश्श्याचा वास मला भिवापूरच्या घरापेक्षा ओळखीचा होता.

मी आणि भाऊ त्यांच्या मागं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो होतो, नेहमीसारखे. काकू ओट्यापाशी गेल्या. उजवा पाय उचलला आणि जमिनीपासून जरा वर, हवेत, पाट शोधला. तिथं काही नव्हतं. पाय खाली आला. त्या सपाट फरशीवर उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात ओट्यावर ठेवले. हात बरोबर पडले, कोपरं सरळ. त्यांनी निळ्या भिंतीवरून बोट फिरवलं, एक कप्पा ओढून पाहिला, परत ढकलला.

भाऊंनी हळूच विचारलं, "बरोबर आहे ना?"

"बरोबर हाये," काकू म्हणाल्या. "तुमचं माप चुकत नाही कधी."

भाऊ हसले. मला वाटलं, जमलं.

काकूंनी कांदा परतायला घेतला. मग मागं न वळताच बोलू लागल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"इतके वर्षं तुम्ही माह्या मागं याच खुर्चीवर बसून जेवले. दोन्ही टाइम. कितीकदा तुमच्या अंगठ्याले पाट लागला. तुम्ही सरकवला, मी ओढला. सरकवला, ओढला. अन् तुम्हाले पाट दिसला तो फोनवर."

भाऊंचा हात खिशाकडे गेला, टेपपर्यंत पोचला आणि तिथंच थांबला.

"मला सांगायचं कुसुम, एकदा तरी."

"शेजारच्या आजीनं सांगितलं होतं काय तुम्हाले, नळी कुठं ठोकाची थे?" काकूंनी रश्श्यात पाणी ओतलं. "जाऊ द्या. चांगलं केलं तुम्ही. खरंच चांगलं केलं. पन आता माहा पाय तिकडं रुळला जी. पोरगं माह्याबिगर झोपत नाही. मी उद्याच्या गाडीनं जाते. दिलीप, ताट घे रे बाबू, गरम हाये तवर खा."

रस्सा पूर्वीसारखाच झाला होता. भाऊंनी दोनदा मागून घेतला. आम्ही तिघंही लग्नातल्या जेवणाबद्दल बोलत राहिलो. दुसऱ्या दिवशी भाऊ काकूंना स्टेशनवर सोडून आले. त्यानंतर त्या नागपूरला आल्या नाहीत. फोन करतात. मोहरी जाळली का, ते विचारतात.

ओटा खालीच राहिला. तो उंच माणूस त्या ठेंगण्या ओट्यावर रोज दोन वेळा वाकून स्वयंपाक करू लागला. काही महिन्यांत त्यांची पाठ सरळ होईनाशी झाली. मी मिस्त्रीला आणतो म्हणालो. खाली घेतला तसा वर घेता येईल, विटांचे दोन थर, दिवसाचं काम.

"राहू दे," भाऊ म्हणाले.

"भाऊ, पाठीचं काय करून घेतलं तुम्ही?"

"राहू दे गा. तिचं माप आहे ते. पुन्हा बदललं तर मग ती कुठे उभी राहणार?"

गल्लीतली कामं त्यांनी बंद केली. कोणी निरोप धाडला तर म्हणत, "मला काही दिसत नाही." लोकांना वाटलं, मोतीबिंदू असेल.

माझी बदली गोंदियाला झाली, तेव्हा निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांना भेटून आलो. नमस्कार केला, ते ओट्याकडे वळले आणि म्हणाले, "चहा टाकतो." मी नको म्हणालो, गाडीचं तिकीट काढायचं होतं. बाहेर पडून गल्लीत आलो आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत पाहिलं. पांढऱ्या ट्यूबखाली, निळ्या भिंतीसमोर भाऊ कमरेत दुमडून उभे होते. एक हात ओट्यावर टेकलेला, दुसऱ्या हातात चिमटा. चहा उकळत होता. त्यांच्या डोक्यावर इतकी मोकळी जागा मी त्या घरात कधी पाहिली नव्हती. त्यांनी दोन कप काढून ठेवले होते. दुसरा कोणासाठी, ते मला विचारता आलं नाही.

आता ते माझा फोन उचलत नाहीत. शेजारच्यांना विचारलं तर सांगतात, आहेत, सकाळी दूध घेतात. म्हणून मी पत्र लिहिलं आणि पत्रासोबत ट्रान्सपोर्टनं एक सामान पाठवलं. सामान पोचल्याचं कळलं आहे. पत्राचं काही कळलेलं नाही. ते पत्र असं होतं.

तीर्थरूप भाऊंना,

साष्टांग नमस्कार.

मी इथं बरा आहे. ऑफिसात आता इंग्रजी पत्रांचं काम माझ्याकडेच दिलं आहे. कोणी चुकीचा उच्चार केला की माझ्या कानात अजून खट् असा आवाज होतो.

मला मांडणी करून दिली तेव्हा तुम्ही काही विचारलं नव्हतं. मीही आता विचारत नाही. सोबत एक स्टूल पाठवतो आहे. इथल्या एका सुताराकडून करून घेतलं. लाकूड पेट्यांचंच आहे, गोंदियात संत्र्याच्या मिळाल्या नाहीत, आंब्याच्या आहेत. निघायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही चहा करत होतात तेव्हा खिडकीतून मी तुमचं माप घेतलं. टेप नव्हता. खिडकीचे गज धरून अंदाज केला. ओट्याचा मधला गाळा मोकळा आहे, पडदा बाजूला केला की गुडघे आत जातील आणि पाठ सरळ राहील.

ओटा काकूंच्या मापाचाच राहू द्या. तो वर घ्या असं मी पुन्हा म्हणणार नाही. पण तिथं रोज तुम्ही असता, भाऊ. काकूंच्या मापाच्या ओट्याशी तुमच्या मापाचं काहीतरी हवं.

हे स्टूल दुसऱ्या कोणाच्या कामाचं नाही. तुम्ही बसला नाहीत तर तोडावं लागेल.

एकदा बसून पाहा. माप चुकलं असेल तर तेवढं कळवा. मी येऊन टेपचं दुसरं टोक धरीन.

तुमचा,
दिलीप